हौशी कवी आणि त्यांचे परीक्षक



वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली आणि पुढे गावोगाव रुजली. अशा व्यासपीठावर वक्त्याने एखादा भारदस्त विषय घ्यावा अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र आज एक घरगुती विषय घेतला आहे. गावात काव्यस्पर्धा होते. पन्नास-साठ कविता परीक्षकाच्या हाती येतात, तो त्यांवर गुण मांडतो, तीन बक्षिसे वाटली जातात आणि सभा उठते. उरलेल्या कवींचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आज विचारायचा आहे. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम आम्हीच उभे राहणार आहोत.

पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेचे आम्ही परीक्षक होतो. एका गृहस्थांनी आपल्या आईवर कविता पाठविली होती. ओळी लहानमोठ्या, यमक कुठे आहे, कुठे नाही. आम्ही बोटांवर अक्षरे मोजली. ती जुळेनात. दहांपैकी तीन गुण दिले आणि लाल शाईने 'वृत्त सांभाळा' असा शेरा मारून मोकळे झालो. समारंभानंतर ते गृहस्थ भेटले. त्यांनी तक्रार केली नाही. "जरा ऐकता का?" एवढेच म्हणाले, आणि ती कविता त्यांनी जात्यावरच्या चालीत म्हणून दाखविली. एकही ओळ अडखळली नाही. आमच्या बोटांवर जी अक्षरे जास्त भरली होती, ती जात्याच्या फेऱ्यात आपोआप सामावत होती. ओवीला आम्ही श्लोकाच्या गजाने मोजले होते! आम्ही चूक कबूल केली. पण निकाल लागून गेला होता. पुढच्या वर्षी त्यांची कविता आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

तेव्हा परीक्षकाचे पहिले काम योग्य माप हाती घेण्याचे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. श्लोकाला गणांची शिस्त. मुक्तछंदाला बोलण्याचा ओघ. आणि बायकांच्या ओवीला गळा हेच माप. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बायांनी कधी शाळेची पायरी चढलेली नव्हती. त्यांना तीन गुण देणारे आम्ही कोण? म्हणून आमचा पहिला नियम असा की, कविता एकदा मोठ्याने वाचल्याशिवाय तिच्यावर गुण मांडू नयेत.

दुसरे काम पारखीचे, आणि ते तुम्हां यवतकरांना आम्ही शिकवावे असे नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या काय करतो? काहिलीत रस उकळू लागला की भेंडीचे पाणी घालून मळी वर आणतो आणि ती काढून टाकतो. मळी दिसली म्हणून काही तो काहील ओतून देत नाही. मग पाक थंड पाण्यात टाकून गोळी वळते का, हे बोटांनी पाहतो. नवख्या कवितेतही मळी असतेच. उसने चांदणे, उसनी हृदयवीणा, दुसऱ्याच्या वहीतून आलेले अश्रू. ती बाजूला सारावी आणि खाली गोळी वळते का ते पाहावे.

समजा, कोणी तुकोबांच्या पालखीवर कविता लिहिली. भक्तीचा सागर, टाळमृदंगाचा गजर, सारे नेहमीचे. पण पालखीच्या मुक्कामाला यवतला वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरी होते. त्या दिवशी थापता थापता हात भरून आलेली आई एखाद्याच ओळीत दिसली, तर ती ओळ त्या कवीची स्वतःची. तिथे गोळी वळली. परीक्षकाने त्या ओळीखाली रेघ ओढावी आणि सांगावे, "बाबा, कविता इथून सुरू कर."

तिसरे काम बोलण्याचे, आणि तेच सर्वांत जबाबदारीचे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटली. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने वैद्यक, नाद वनस्पतिशास्त्राचा. त्यांनी त्या मुलाला 'बालकवी' म्हणून गौरविले. 'अजून लहान आहे, पिकू द्या' असे म्हणणे सोपे होते आणि शहाणपणाचेही दिसले असते. पण १९१८ साली भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. त्या दिवसापासून अवघी अकरा वर्षे त्यांच्या वाट्याला आली होती. चांगला शब्द द्यायचा तो वेळेवर द्यावा.

त्याच जळगावच्या परिसरात बहिणाबाई चौधरी शेतात आणि जात्यावर गाणी रचीत होत्या. त्यांना लिहिता येत नव्हते. पुत्र सोपानदेव आणि घरची मंडळी ती गाणी उतरवून घेत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली, आचार्य अत्र्यांनी ती वाचल्यावर, पुस्तक निघाले. महाराष्ट्राने टाळ्या वाजविल्या त्या ऐकायला बाई नव्हत्या.

याचा अर्थ सर्वांनाच 'वाहवा' म्हणावे असा नाही. खोटी स्तुती ही कवीची फसवणूक आहे. तिने तो आहे तिथेच थांबतो. आमची मागणी साधी आहे. स्पर्धा भरविणाऱ्यांनी बक्षिसाची रक्कम हवी तर कमी करावी. पण प्रत्येक कवितेबरोबर परीक्षकाच्या दोन ओळी परत पाठवाव्यात. पहिलीत जमले काय ते, दुसरीत सुधारायचे काय ते. आणि दोन्हींत कारण द्यावे. 'वृत्त सांभाळा' हे कारण नव्हे. ते आमचे अज्ञान होते.

त्या गृहस्थांची ती ओवी आम्हांला आजही पाठ आहे. ती आमच्या नावावर नाही, म्हणून इथे म्हणत नाही. पण यंदाच्या स्पर्धेत जात्याच्या चालीतली एखादी कविता आली, तर परीक्षकांनी मोजणारी बोटे आवरावीत आणि आधी कान द्यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.