पायाला वाट द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या सतरंजीवर बसून दुसऱ्यांची भाषणे ऐकत असते आणि चहाची व्यवस्था पाहायला मधेच उठत असते. यंदा चिटणीसबाईंनी मला न विचारताच माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत घातले. मी सातवी शिकलेली. व्याख्यान देण्याची मला सवय नाही. तेव्हा काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

विषय कोणता घ्यावा, असा प्रश्न पडला होता. शेवटी ठरविले की जो विषय वर्षभर माझ्या घरात ठाण मांडून बसला आहे, तोच घ्यावा. तो विषय म्हणजे बूट. हसू नका. बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही आणि आत पायाची घुसमटही करीत नाही, असा बूट कसा करावा, याविषयी मी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्या सोलापुरात पाऊस तो केवढा! त्यातला जास्तीत जास्त भाद्रपदाच्या सुमारास पडायचा. खरे आहे. पण पाणी केवळ आभाळातूनच येते असे नाही. आपल्या गावची चादर आणि टॉवेल सगळीकडे जातो. परंतु तो टॉवेल पांढरा होतो, रंगतो, धुऊन निघतो, ते ज्या प्रोसेस हाऊसमध्ये, तेथली फरशी बारा महिने ओली असते. आमच्याकडचे अशाच एका ठिकाणी कामाला आहेत. त्यांना साखरेचा आजार आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे.

पूर्वी ते रबरी स्लीपर घालून कामावर जात. एकदा गरम पाणी पायावर उडाले आणि फोड आले. मला ते पाहवेना. आपल्या भिशीचा माझा नंबर लागला तेव्हा मी बाजारात जाऊन चांगले गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले. त्या दिवशी मला फार मोठे काम केल्यासारखे वाटले. “आता पायाला पाण्याचा थेंब लागायचा नाही,” असे मी सासूबाईंना सांगितलेही.

दोन महिने बरे गेले, असे मला वाटत होते. मोजे धुताना वास येई. मी म्हणे, कामाचा वास. मग एके रात्री त्यांनी पाय पुसताना टॉवेल रक्ताने माखलेला दिसला. करंगळीच्या बेचक्यात चिखल्या होऊन कातडे फाटले होते आणि आत जखम झाली होती. “अहो, दुखले कसे नाही?” मी विचारले. ते म्हणाले, “नाही बुवा, काहीच कळले नाही.” साखरेच्या आजारात पायाची जाणीव कमी होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. जखम पसरत गेली आणि शेवटी करंगळी काढावी लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी बूट मागवून घेतला, आत हात घातला आणि विचारले, “मावशी, हा किती तास पायात असतो?” मी म्हटले, “पाळीभर. पण बाई, आत पाणी शिरत नाही हो!” त्या म्हणाल्या, “बाहेरचे शिरत नाही. आतले निघत नाही.”

बहिणींनो, हे वाक्य ऐकून मी त्या बाकावर खाली बसले. बोट त्यांचे गेले होते, पण बूट मी आणला होता.

माणसाच्या दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. उघड्या पायाचा घाम वाऱ्याने वाळून जातो, म्हणून तो आपल्याला कळत नाही. बंद रबरात तो कोठे जाणार? आपण गरम पोळ्या स्टीलच्या डब्यात घालून लगेच झाकण लावले तर काय होते? झाकणाला पाणी सुटते आणि तळची पोळी ओलीचिंब होते. डब्यात बाहेरून कोणी पाणी घातलेले नसते. म्हणून तर आपण पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात गमबुटातला पाय म्हणजे डब्यातली पोळीच. आणि ओल्या, उबदार, अंधाऱ्या जागी बुरशी वाढते, हे लोणच्याची बरणी सांभाळणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको.

मग प्रश्न असा की फडक्यासारखा बूट होईल का? पाणी आत येऊ न देता वाफ बाहेर सोडणारा? घरी आल्यावर मी आमच्या पेठेतल्या चर्मकार मामांकडे गेले. त्यांची तिसरी पिढी या कामात आहे. ते म्हणाले, “वहिनी, ही अडचण जुनीच आहे. कोल्हापुरी वहाण घ्या. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे, वर वादी आणि अंगठा, बाकी पाय मोकळा. पायाला तिच्यासारखे सुख नाही. पण तिला पाणी सोसत नाही. भिजली की फुगते, वाळली की कडक होते. म्हणून पावसाळ्यात आम्ही ती घालू नका म्हणतो. उलट रबराला पाणी सोसते, पण त्याला श्वास नाही.” त्या कोल्हापुरीला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे आहेत आणि त्यांत आपला सोलापूर जिल्हाही आहे, हे मामांनी मोठ्या अभिमानाने सांगितले.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिने या बाबतीत परदेशांत काय झाले ते शोधून मला वाचून दाखविले. पूर्वी रबर उन्हात चिकट व्हायचे आणि थंडीत तडकायचे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून ते तापविण्याची युक्ती सापडली आणि मग टिकाऊ रबरी बूट होऊ लागले. पाणी अडले, पण घाम तसाच राहिला.

त्यावरचा उपाय जेथून आला ते ऐकून मला गंमत वाटली. आपल्या घरातला न चिकटणारा तवा आहे ना, त्यावरच्या लेपातून! तो पदार्थ १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना अचानक सापडला. ते फ्रिजमध्ये लागणाऱ्या वायूंवर काम करीत होते. एका नळकांड्यातून वायू येईना, म्हणून ते कापून पाहिले तर आत पांढरी भुकटी. पुढे १९५४ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार नावाचे गृहस्थ हा पदार्थ मासे धरण्याच्या सामानाला लावीत होते. त्यांच्या पत्नी कोलेट म्हणाल्या, तो माझ्या तव्याला लावून पाहा. तेथून तो तवा जगभर झाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण वस्तू वापरणाऱ्या बाईने तोंड उघडले की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

त्याच पदार्थाची कांडी १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर तापवून ताणत होते. हळूहळू ताणली की ती तुटायची. शेवटी वैतागून त्यांनी एकदम हिसका दिला, आणि ती न तुटता हातभर लांबली! त्या ताणलेल्या पदार्थात अतिशय बारीक छिद्रे पडली होती. त्याचा पातळ पडदा केला, तर पाण्याचा थेंब त्यातून आत जात नाही, पण घामाची वाफ बाहेर निघते. रवा आणि पीठ एकाच चाळणीत घातले तर पीठ खाली पडते आणि रवा वर राहतो, तसेच हे. वाफेचे कण थेंबापेक्षा फारच लहान असतात. असा पडदा कोटाच्या आणि बुटाच्या अस्तरात घालतात.

दुसरी गोष्ट इटलीच्या मारिओ पोलेगातो यांची. हे गृहस्थ द्राक्षाच्या मद्याचा व्यवसाय करणारे. १९९० नंतरच्या काळात ते अमेरिकेत नेवाडा भागात गेले असता उन्हात चालून त्यांचे पाय उकडून निघाले. त्यांनी चाकू काढला आणि रबरी तळव्याला सरळ भोके पाडली. पुढे त्या भोकांवर आतून असा पडदा बसविला आणि १९९५ साली जेऑक्स नावाची कंपनी काढली.

मला वाटले, झाले, मिळाला उपाय! पण तसे नव्हते. एक तर त्या बुटांची किंमत आपल्या पगारात बसणारी नाही. दुसरे, बुटाच्या तोंडातून एकदा पाणी आत गेले की हाच पडदा ते बाहेर लवकर जाऊ देत नाही. आणि तिसरे असे की, वाफ दमट जागेतून कोरड्या जागेकडे जाते. बाहेरची हवाच वाफेने भरलेली असेल, तर आतली वाफ निघणार कशी? पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. प्रोसेस हाऊसमध्ये तर सदाचाच पावसाळा.

तरी मामा म्हणाले, “करून पाहू.” त्यांनी रापी घेऊन जुन्या गमबुटाला घोट्याजवळ भोके पाडली. मी तो बूट घालून मोरीत कपडे धुतले आणि पाणी आत आले. दुसऱ्या वेळी त्यांनी भोके वर, पोटरीजवळ घेतली आणि प्रत्येकावर रबराची झडप डकविली. खिडकीवर पागोळी अडविण्यासाठी पत्रा असतो ना, तशी. पाणी आत आले नाही. पाऊल टाकले की भोकातून थोडी हवा फुसकन बाहेर येई. मला केवढा आनंद झाला! पण दुपारी बूट काढला तेव्हा तळवा ओलाच. वाट दिली होती, पण ती पुरेशी नव्हती. शिवाय रंगाचे औषधी पाणी उडते तेथे भोकांचा बूट नको, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले. तेव्हा तो बूट आता मी मोरीत वापरते.

मामांनी मग आतला सुखतळा उपसून माझ्या हातात दिला. बुटाच्या आत पायाखाली जो तळ असतो त्याला त्यांच्याकडे सुखतळा म्हणतात. किती चांगला शब्द! ते म्हणाले, “वहिनी, घामाला बाहेर काढता येत नसेल, तर त्याला प्यायला काहीतरी द्या.” सोलापूरच्या बाईला यापुढे सांगावे लागते का? मी जुना टॉवेल घेतला, बुटाच्या मापाने दुहेरी कापला आणि मशीनवर कड मारली. असे सहा जोड केले. कामाच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सुटीत त्यांनी पहिला जोड काढला. संध्याकाळी घरी आणल्यावर मी तो पिळला, तर थेंब पडले. एवढे पाणी तोपर्यंत त्यांचा पाय पीत होता.

आता आमच्या घरी असा नेम आहे. कामाचे बूट दोन जोड. आज एक, उद्या दुसरा, म्हणजे प्रत्येकाला पुरता वाळायला एक दिवस मिळतो. ते खुंटीवर उलटे टांगायचे. बूट एक नंबर मोठे घेतले, म्हणजे आत टॉवेलचा सुखतळा मावतो आणि बोटे चेपत नाहीत. दुपारच्या सुटीत बूट काढायचे, पाय पुसायचे, सुखतळा आणि मोजे बदलायचे. रात्री मी दिव्याखाली त्यांची नऊ बोटे एकेक करून पाहते. बेचके कोरडे करते. साधी लाली दिसली तरी घरगुती लेप न लावता दवाखाना गाठते. पहिल्या दिवशी ते संकोचले. म्हणाले, “बायकोने पाय पाहायचे म्हणजे काय!” मी म्हटले, “एक बोट पाहिले नाही म्हणून गेले. आता नऊ राहिली आहेत.” त्यानंतर ते काही बोलले नाहीत. नेम सुरू करून वर्ष होत आले, चिखल्या पुन्हा झालेल्या नाहीत.

एवढ्या खटाटोपातून मला समजले ते इतकेच. बूट पाण्यासाठी नसतो, पायासाठी असतो. पाणी अडविले म्हणजे काम झाले, असे करणाऱ्यालाही वाटते आणि घेणाऱ्यालाही वाटते. मलाही वाटले होते. पण आत ओलावा धरणारा बूट हा अर्धाच बूट. घामाला वाट द्या. वाट देता येत नसेल तर पायाला वेळ द्या, दिवसातून एकदा तरी त्याला वाळू द्या.

आता मंडळाकडे माझे एक मागणे आहे. पाण्यात उभे राहून काम करणाऱ्या बायका आपल्या शेजारी पुष्कळ आहेत. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या आहेत, प्रोसेसवाल्या आहेत, पावसात मंडईत बसणाऱ्या भाजीवाल्या आहेत. टॉवेल कारखान्यांतून तुकडे निघतात, ते स्वस्तात मिळतात. आपल्या शिवणवर्गाने गुरुवारची एक दुपार सुखतळे शिवण्यास द्यावी. मापे मामा काढून देणार आहेत, मी त्यांना विचारून ठेवले आहे. आषाढात पालख्या आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जातात. वारकऱ्यांचे पाय चेपण्याची आणि चपला शिवून देण्याची सेवा लोक करतात. चार कोरडे सुखतळे आणि पाय पुसायला एक कोरडा पंचा, एवढे आपल्या मंडळाकडूनही वाखरीच्या तळावर जावे, असे मला वाटते.

ज्यांना हे पटले असेल त्यांनी कार्यक्रमानंतर चहा घेताना मला भेटावे. नमुन्याचा एक जोड मी पिशवीत आणला आहे. धुतलेला आहे, घाबरू नका!