दोन मीटर अंतर कोणी राखायचं?

(कार्यकर्त्यांच्या वार्षिक शिबिरात केलेलं भाषण)



गालापागोस बेटांवर बोल, असं मला सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "आपल्या शिबिरात प्रवासवर्णन कशाला?" प्रश्न रास्त आहे. हा प्रवास महागडा. परदेशी पाहुण्याला नुसतं प्रवेशशुल्कच 200 डॉलर पडतं. अमेरिकेत नर्स असलेल्या मावसबहिणीने खर्च उचलला, म्हणून मी जाऊ शकले. पण तिथे पाहिलेली एक गोष्ट आपल्या रोजच्या कामाची आहे, ती सांगते.

गालापागोस ही दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाची बेटं. किनाऱ्यापासून सुमारे 1000 किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरात. ज्वालामुखीतून वर आलेली, कुठल्याही खंडाला कधीच न जोडलेली. मोठे शिकारी सस्तन प्राणी तिथे पोचलेच नाहीत, त्यामुळे तिथले प्राणी माणसाला फारसे भीत नाहीत. काळे समुद्री सरडे वाटेतच ऊन खात पडतात. निळ्या पायांचे बूबी पक्षी पायवाटेलगत अंडी उबवतात. ते हलत नाहीत. वळसा आपण घालायचा.

1959 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. बेटांची सुमारे 97 टक्के जमीन त्यात येते. बहुतेक ठिकाणी परवाना असलेल्या मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. वाट आखलेली. प्राण्यापासून निदान दोन मीटर दूर राहायचं. आमची मार्गदर्शक तिथेच वाढलेली बाई होती. आमच्यातला एक गृहस्थ फोटोसाठी पुढे सरकला, तेव्हा तिने आवाज न चढवता त्याला मागे घेतलं. "प्राणी शांतच आहे की," असं तो म्हणाला. ती म्हणाली, "तो शांत आहे म्हणून तुम्हाला परवानगी मिळत नाही."

बार्तोलोमे बेटावर आम्ही स्नॉर्केलिंग केलं. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी आणि पाण्यात पालथं तरंगायचं. आमच्या गावात विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकत ते मुलगे; आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. मी पोहायला शिकले एकतिसाव्या वर्षी, तालुक्याच्या तरणतलावात, बायकांच्या राखीव तासाला. त्यामुळे पाण्याखालचं ते जग पाहताना आनंद झाला, तसा रागही आला. किती जणींना हे कायमचं नाकारलंय! एक पेंग्विन बाणासारखा खालून गेला. मग समुद्रसिंहाची मादी अगदी मुखवट्याजवळ आली, माझ्याकडे पाहून गिरकी घेऊन गेली. मी हात छातीशी धरून ठेवले. जवळ यायचं की नाही, हे तिने ठरवायचं. ती आली, म्हणून मला हात लावायचा हक्क मिळत नाही.

कोणी म्हणेल, हा निसर्गाचा चांगुलपणा. तसं नाही. याच बेटांवरून एकोणिसाव्या शतकात देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी हजारो महाकाय कासवं जिवंत उचलून नेली. अन्नपाण्याविना ती महिनोन्‌महिने जगत, म्हणून ताज्या मांसाचा साठा! त्यांत माद्या जास्त सापडल्या, कारण त्या आकाराने लहान आणि अंडी घालायला खाली किनाऱ्याकडे येत. एस्पान्योला बेटावर शेवटी 14 कासवं उरली, 12 माद्या आणि 2 नर. त्यांना सांताक्रूझ बेटावर आणून पिल्लं वाढवली. अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयातून तिसरा नरही आणला. 2020 मध्ये ते काम संपवलं, तोवर एस्पान्योलावर कासवांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. कासवं आधीही निर्भयच होती. त्या निर्भयपणाने त्यांना वाचवलं नाही. येणाऱ्यावर बंधन आलं तेव्हा ती वाचली.

आता आपल्या केंद्रात येणाऱ्या तक्रारी आठवा. एसटी स्टँडवर पोरं छेड काढतात, म्हणून मुलीचं कॉलेज बंद. साहेबाचा हात वळवळतो, म्हणून बाईने नोकरी सोडायची. प्रत्येक वेळी वळसा तिनेच घालायचा. अंतर राखण्याची जबाबदारी जिच्या अंगावर कोणी येतं तिच्यावर टाकतात, येणाऱ्यावर नाही.

मात्र एक सावधगिरी. बाई म्हणजे संरक्षित प्राणी नव्हे. उद्यानातले नियम कासवांना विचारून होत नाहीत. आपल्याला "आम्ही तुमचं रक्षण करतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचं रक्षण बहुधा कुंपणात संपतं. आपल्याला रक्षक नकोत. नियम ठरवताना आपण हव्यात, आणि नियम मोडणाऱ्याला मागे घेणारी यंत्रणा हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, त्यातली अंतर्गत समिती कागदावर न राहता जागी हवी.

म्हणून गटचर्चेसाठी एक काम देते. तुमच्या गावात, वस्तीत, ऑफिसात बायकांना सांगितले जाणारे पाच नियम लिहा. "अंधार पडायच्या आत ये," असे. प्रत्येकासमोर लिहा, हे बंधन खरं कोणावर हवं, आणि ते पाळलं जातंय का हे कोण बघणार. दुसरा रकाना भरायला वेळ लागेल. लागू द्या. आपलं पुढच्या वर्षाचं काम त्याच रकान्यात आहे.