तीन वेळां नऊ

आग लागली, घरांत चोर शिरला, म्हणजे मनुष्य प्रथम शेजाऱ्यास हांक मारतो. टेलिफोन आल्यापासून ही हांक दूरवर पोंचूं लागली खरी. परंतु तारेच्या दुसऱ्या टोकास बसलेल्या मनुष्यास ती संकटाची आहे हें कळावें कसें? ह्या साध्या प्रश्नाकडे लक्ष जाण्यास लंडन शहरीं पांच जीव जावे लागले.

1935 सालच्या नोव्हेंबरच्या 10 तारखेस विंपोल स्ट्रीटवरील एका डॉक्टराच्या घरास आग लागून पांच स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या. शेजारच्या एका गृहस्थानें बंबास वर्दी देण्याकरितां टेलिफोन उचलला, तों एक्स्चेंजमधून उत्तरच मिळेना. हें गाऱ्हाणें त्यानें 'टाइम्स' पत्रांत मांडलें आणि सरकारास चौकशी करणें भाग पडलें. गाऱ्हाणीं मांडणारा मनुष्य सहसा कोणास प्रिय नसतो; परंतु ह्या सेवेच्या जनकांत पहिला मान त्याचाच. एक्स्चेंजमधील चालकांस मात्र दोष देणें न्यायाचें नव्हे. त्यांच्यापुढें लागणारे दिवे सारे एकसारखे. मेजवानीचें आमंत्रण कोणतें आणि मरणाची हांक कोणती, हें त्यांनीं ओळखावें कशावरून?

तेव्हां अशा हांकेस स्वतंत्र आंकडा द्यावा असें ठरलें. तो निवडतांना पोस्ट खात्याच्या एंजिनियरांनीं दाखविलेलें तारतम्य मोठें कौतुकास्पद आहे. 111 घ्यावा, तर तारा एकमेकींस नुसत्या लागल्या तरी तो आपोआप लागण्याची भीति. शून्य चालकास बोलावण्यांत आधींच गुंतलेलें. नऊचें भोंक त्या शून्याच्या शेजारीं. धुरांत वा अंधारांतहि बोटास चांचपून सांपडणारें. शिवाय सार्वजनिक टेलिफोनवर नाणें टाकल्यावांचून नऊ फिरवितां यावा, एवढी दुरुस्ती सोपी होती.

1937 च्या जूनच्या 30 तारखेस लंडनमध्यें ही योजना सुरू झाली. 999 फिरवितांच एक्स्चेंजमध्यें तांबडा दिवा लागे, कर्कश भोंगा वाजे, आणि चालक हातचें काम टाकून प्रथम तिकडे वळे. जुलैच्या 8 तारखेस पहांटे हॅम्पस्टेड येथील एका घरांत चोराची चाहूल लागली. घरच्या मंडळींनीं 999 फिरविला आणि चोर पोलिसांच्या हातीं लागला.

ग्लासगो शहरास ही सोय 1938 सालीं मिळाली. परंतु साऱ्या ब्रिटनमध्यें ती पोंचण्यास 1976 साल उजाडलें. अमेरिकेंत 911 ची पहिली घंटा 1968 च्या फेब्रुवारीच्या 16 तारखेस वाजली, तीहि एखाद्या महानगरांत नव्हे, तर अलाबामा संस्थानांतील हेलीव्हिल नांवाच्या लहानशा गांवीं, पोलिस ठाण्यांत ठेवलेल्या एका तांबड्या टेलिफोनवर.