अर्धा कोयता, अर्धा मोबाईल
(नेकनूर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मित्रहो, आणि मागं दाराशी बसलेल्या पोरींनो,

आपल्या बीड जिल्ह्याचा एक हिशेब आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या हातात, मोळी तिच्या डोक्यावर. मुकादमाच्या वहीत ती एकटी अशी कुठं नाहीच. ह्याच जिल्ह्यात तीन वर्षांत ४६०५ बायांच्या पिशव्या काढल्या, असं २०१९ साली सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी.

तुम्ही म्हणाल, ही बाई व्हिडिओ गेमवर बोलायला आली आणि उसाच्या फडात कशाला शिरली? कारण हिशेब तोच आहे. फड तेवढा बदललाय.

घरात मोबाईल एक. तो कुणाच्या खिशात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं, स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बाया देशात ५४ टक्के. बाकीच्या पोरींनी बीजीएमआय खेळायचा कशावर, पाटीवर? आणि जी खेळते ती माईक बंद ठेवून, पोराचं नाव घेऊन. आवाज ओळखू आला की शिव्या, नाहीतर नंबर मागणं. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान सात गेमर्सना भेटले. सातांत बाई एकच, छिंदवाड्याकडच्या खेड्यातली पायल धारे.

हे काय निसर्गानं ठरवलंय? १९४६ साली अमेरिकेत एनिअॅक ह्या यंत्राचं प्रोग्रामिंग सहा बायांनी केलं. तेव्हा ते हलकं काम समजलं जायचं. पुढं त्यात पैसा आला, मान आला, आणि बाया मागं सारल्या गेल्या. १९८२ चा 'रिव्हर रेड' हा गाजलेला खेळ कॅरॉल शॉ ह्या बाईनं बनवला. किती जणांना ठाऊक आहे?

पडद्यावर बघा. १९९६ साली लारा क्रॉफ्ट आली. बाईच्या हाती पिस्तुलं आली, पण जाहिरातीत विकलं तिचं शरीरच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' काढला. त्यात सर्कशीतली पोर भावाला शोधायला राक्षसांशी भिडते. कंपनीच्या संस्थापकांत श्रुती घोष होत्या, कलेची बाजू त्यांच्याकडं होती. खेळातले देव पुराणातलेच, ते आपलं वेगळं भांडण. पण बनवणाऱ्यांत बाई असली की पडद्यावरची बाई बदलू शकते, एवढं त्यातून दिसतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. मीटिंगमध्ये चूक मी दाखवली की सगळे गप्प. तीच शेजारच्या पोरानं दाखवली की शाब्बास!

बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजली. मग आपणही तीच पट्टी आपल्याला लावू. घरात मोबाईलची पाळी लावा, बहिणीची पाळी आली की तो तिच्या हातात द्या. खेळात कुणी पोरीला शिवी दिली तर पोरांनो, त्याला तिथंच अडवा. गप्प बसणारा त्याच्याच टोळीतला. पोरींनो, माईक चालू करा, स्वतःच्या नावानं. आणि नुसतं खेळू नका, खेळ बनवायला शिका. आपली माय ज्या खेळात आख्खी मोजली जाईल, तो खेळ प्रस्थापित बनवणार नाहीत. तो आपल्यालाच बनवावा लागेल.

आणि आता आधी पुढं येऊन बसा. खुर्च्या रिकाम्या आहेत.