कोळशाची खुली वाट

निजामाच्या अमदानीत रूळ पडलेल्या परभणी जंक्शनावरून गंगाखेडमार्गे गेले असता परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत केंद्र लागते. तेथे कोळसा नेणाऱ्या वाघिणींची वाट सरकारी रेल्वेचीच.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात मात्र, खाणींपासून निर्यात-बंदरांपर्यंतचे सुमारे २,६७० किलोमीटरचे जाळे ऑरिझॉन कंपनीच्या ताब्यात असूनही, ठराविक आकार भरणाऱ्या प्रतिस्पर्ध्यालाही त्यावर आपली गाडी हाकण्याची मुभा आहे. ग्लॅडस्टन बंदरात सावकाश सरकणाऱ्या वाघिणींचे तळाचे दरवाजे खंदकावर येताच उघडतात आणि कोळसा धो-धो खाली कोसळतो. रुळांचा मालक स्वतःही गाड्या चालवीत असल्याने पक्षपाताची शंका रास्त ठरते, म्हणूनच आकाराची व शर्तींची छाननी करणारे तटस्थ प्राधिकरण मला या व्यवस्थेचा खरा कणा वाटते.

आपल्याकडे २००६ पासून खासगी कंटेनरगाड्यांना परवाने मिळाले. रूळ, सिग्नल आणि वाहतुकीचे नियंत्रण मात्र रेल्वेकडेच राहिले.