जुनी जीप, घरची हत्यारे आणि खर्चाचा हिशेब

(जिल्हा बैठकीत जेवणानंतरच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले. आता मला उभे केले आहे ते जुन्या गाड्यांवर बोलायला. काहींना हसू आले, ते मी पाहिले. पण बाहेर लिंबाखाली लावलेल्या गाड्या एकदा नजरेखालून घाला. त्यांतल्या किती नव्या आहेत? जुनी जीप, जुना ट्रॅक्टर, तिसऱ्या हातातून आलेली मोटार. नवी घ्यावी एवढी शिल्लक कोरडवाहू कापसाने कधी ठेवली नाही. आणि रात्री-बेरात्री तालुक्याच्या दवाखान्यात जायला गाडीशिवाय भागत नाही. तेव्हा आहे ती चालती ठेवणे, हा आपल्या खर्चाच्या हिशेबातलाच विषय आहे.

माझ्याकडे पेट्रोलची जुनी जीप आहे, उंच बॉनेटची. मुंबईत महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. हे उंच बॉनेटचे मॉडेल म्हणजे सीजे-३बी. अमेरिकेत ते १९५३ ते १९६८ पर्यंत निघाले, आपल्याकडे पुढेही बनत राहिले. बॉनेट उंच का? आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह बाजूला होते. या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही वर उचलावे लागले. बाकी गाडी साधी. जे आहे ते डोळ्यांना दिसते, हाताला लागते. ज्याला तिफण जोडता येते, त्याला ही गाडी समजते.

आता सरकार या जुन्या गाड्यांकडे कसे पाहते ते बघा. २०२१ मध्ये केंद्राने नियम केला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली खाजगी गाडी असेल तर तिची 'विंटेज' म्हणून नोंद करता येते. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये. पण अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्यायची, मिरवायची. आणि जी जुनी गाडी रोज राबते तिचे काय? पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नवी करण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवले. म्हणजे हौशी माणसाची जुनी गाडी ठेवा आणि आपली जुनी गाडी भंगार. इंडिया आणि भारत यांतला फरक गाडीच्या वयातही दिसतो, तो असा.

असो. शुल्काशी भांडायचे तिथे भांडू. आज मी हत्याराबद्दल बोलणार आहे.

पहिले हत्यार लाकडी ठोकळा. तो मला शिकवला एका अपघाताने. खळ्यात जीप उभी केली, हँडब्रेक ओढला, विटेवर जॅक ठेवून मागचे एक चाक काढले. धाकटा भाऊ खाली शिरून काम करत होता. पाना आणायला तो बाहेर आला आणि मागोमाग जीप पुढे सरकली, जॅक कलंडला, गाडी धपकन खाली बसली. माझा हात जायचा तो बोटावर निभावला. हे बघा, नख अजून वाकडे आहे. भाऊ आणखी एक मिनिट खाली असता तर आज मी हे भाषण करत नसतो.

चूक काय झाली, ते नंतर कळले. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागे जाणाऱ्या लांब दांड्यावर, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जमिनीवरून सुटले की ते मोकळे उलटे फिरते आणि दुसरे चाक पुढे चालू लागते. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. म्हणून आधी जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून पाचर लावायची, मगच जॅक. आपल्या काळ्या मातीत जॅकखाली रुंद फळी हवी, नाहीतर तो खचतो. आणि गाडी उचलली की वजन ठोकळ्यांवर द्यायचे. बाभळीचे दोन-दोन फुटांचे चौरस तुकडे करून घ्या. दोन आडवे, त्यावर दोन उभे, अशी चौकट रचत जा. वीट किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक कधीही लावू नका. लाकूड दबताना करकरते, इशारा देते. वीट एकदम फुटते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालायचे नाही, हा नियम आजपासून घराघरात पाळा.

दुसरे हत्यार बल्ब. इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन तारा. एका तारेला चिमटा, दुसरीला खिळा. चिमटा गाडीच्या उघड्या लोखंडाला लावा, खिळ्याने तार तपासत चला. बल्ब लागला तिथपर्यंत वीज आली, जिथे लागला नाही तिथे दोष. मी हा बल्ब करण्याआधी एक मूर्खपणा केला होता. सेल्फ उचलत नाही म्हणून नवी बॅटरी आणली. तरी उचलेना. शेवटी बल्बाचा चिमटा बॅटरीच्या जिवंत टोकाला लावला आणि खिळा इंजिनाला टेकवून सेल्फ मारला. बल्ब मिणमिणला. खिळा बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला टेकवला तर लख्ख. म्हणजे बॅटरी ठीक होती, इंजिन आणि चासीस यांच्यामधली अर्थची पट्टी गंजली होती. काचकागदाने घासली, बोल्ट आवळला, काम झाले. बॅटरीचे पैसे मात्र गेले. त्या वर्षी कापूस विकून जे हाती आले त्यातलेच ते.

याच बल्बाने इंजिनाचा टायमिंग लावता येतो. चारही प्लग काढा. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून हँडलने इंजिन हळूहळू फिरवा. हवेचा दाब अंगठा ढकलू लागला की पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण जुळवा. कॉइलची प्लगकडे जाणारी जाड तार इंजिनाला टेकवून बांधा, म्हणजे ठिणगी भलतीकडे उडणार नाही. आता बल्बाचे एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या खिळीला, दुसरे लोखंडाला. चावी चालू करा, डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल करून तो अंगानेच हळूहळू फिरवा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला असतो, उघडताच लागतो. ज्या क्षणी लागेल तिथे नट आवळा. पण त्याआधी पॉइंटची फट बरोबर हवी. या इंजिनाला ती वीस थाऊ, प्लगची तीस थाऊ, आणि ठिणगीचा क्रम १-३-४-२. चावी उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते. आणि हँडल मारताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो.

तिसरी गोष्ट पान्यांची. नट गोल झाला की आपण नटाला शिव्या देतो. दोष पान्याचा असतो. विलीज घराण्यातल्या जीपचे नट इंची मापाचे. आपल्या पेटीत पाने मिलिमीटरचे. नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.३ मिलिमीटर. चौदाचा पाना बसत नाही, पंधराचा सैल पडतो आणि कोपरे खातो. अर्धा इंच म्हणजे १२.७, त्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की सरकतो. पुढे ज्यांनी डिझेल इंजिन बसवले त्यांच्या गाडीत तर एकाच बॉनेटखाली दोन्ही मापे सापडतात. जुन्या बाजारात इंची रिंग पाने मिळतात. अर्धा, नऊ-सोळांश, पाऊण, एवढ्यावर बरेच काम होते.

गंजलेला नट असेल तर आदल्या संध्याकाळी त्यावर डिझेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी सोडवायच्या आधी तो केसभर आवळा. गंजाची पकड तुटते, मग सोडवा. डिझेल सोडलेल्या नटाला आच मात्र देऊ नका. आणि सोडवलेला प्रत्येक बोल्ट बियाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवा. प्लगच्या तारांना नंबरच्या चिठ्ठ्या बांधा. इंजिन उघडणे सोपे असते, बंद करताना दोन बोल्ट उरतात तेव्हा घाम फुटतो.

चौथे हत्यार रबरी नळी. फूट-दोन फूट लांब. एक टोक कानाला, दुसरे इंजिनाभोवती फिरवा. वॉटर पंपाचे बेअरिंग घरघरते की टॅपेट वाजतो की गॅस्केट फुसफुसते, नेमके कळते. दुसरे टोक पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवा. उपरणे आधी काढून ठेवा, हे सांगायला नकोच.

पाचवे, ब्रेकमधली हवा काढायची बाटली. पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला दोन भोके. एकातून स्वच्छ पारदर्शक नळी आत, तळाशी थोडे ब्रेक ऑइल, नळीचे टोक त्यात बुडलेले. नळीचे दुसरे टोक चाकाच्या ब्लीडिंग निपलला. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचे, पेडल वर येण्याआधी आवळायचे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून आधी मागचे डावे. बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा आणि वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. बाटलीत उतरलेले ऑइल परत घालू नका. ब्रेक ऑइल नाही म्हणून इंजिन ऑइल तर कदापि नको. त्याने रबरी कप फुगतात, ब्रेक धरून बसतात किंवा ऐन वेळी दगा देतात.

सहावे, क्लच प्लेट मध्यावर बसवायचा दांडा. प्लेट जरा बाजूला बसली की गिअरबॉक्स आत जात नाही आणि दोन माणसे तासभर कुथत बसतात. प्लेटचे भोक आणि आतल्या छोट्या बेअरिंगचे भोक सुताराला दाखवा. दोन जाडीचा सागवानी दांडा तो उतरवून देईल. बैलगाडीचा आख करणाऱ्याला हे काय अवघड?

आता कुठे काटकसर करायची नाही, ते ऐका. फिलर गेज विकत घ्या. हॅकसॉच्या पात्याने फट मोजणे म्हणजे अंदाजपंचे. जॅक चांगला घ्या. ब्रेकचे रबरी पाइप, कप, लायनर, स्टिअरिंगचे सांधे हे नवेच घ्या. फाटलेल्या पाइपला ट्यूबची पट्टी गुंडाळून पोरांना शाळेत सोडायला जाऊ नका. घरचे हत्यार काम करण्यासाठी असते. ज्या भागावर जीव टांगलेला आहे तो भाग घरी करायचा नाही.

पेट्रोलवाल्यांसाठी आणखी एक. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलला आपला विरोध नाही. ते शेतातून येते, आखातातून नाही. उसापासून होते, मक्यापासून होते, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीपासूनही करून दाखवले आहे. पण जुनी गाडी त्यासाठी बांधलेली नाही. इथेनॉल जुने रबर आणि बुचाचे गॅस्केट खाते, हवेतले पाणी ओढते, टाकीतला गंज सोडवून फिल्टरमध्ये आणते. तेव्हा टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतची रबरी नळी इथेनॉल सोसणारी बसवा, फिल्टर वरचेवर बघा, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

शेवटी हिशेबाचे बोलतो. हे सगळे ऐकून उद्या कोणी म्हणेल, बघा आपला शेतकरी किती हिकमती, तारेने आणि बल्बाने भागवतो, त्याला भाव कशाला वाढवून हवा? ही शाबासकी घेऊ नका. जीपखाली घालवलेला रविवार हीसुद्धा मजुरी आहे. ती वहीत लिहा. मिस्त्रीने जे घेतले असते ते 'घरची मजुरी' म्हणून लिहा, सुटे भाग लिहा, नोंदणीचे शुल्क लिहा. कापसाच्या क्विंटलामागे घरच्या माणसाचे श्रम धरा, असे आपण सरकारला सांगतो. मग आपल्याच वहीत ते फुकट का धरायचे?

माझ्या वडिलांना वखराची पास कधी पाजवायची, धाव कधी चढवायची, वंगण किती घालायचे, हे कोणाला विचारावे लागत नव्हते. बैलगाडीची जागा जीपने घेतली आणि आपण परक्याच्या दारात हात जोडून उभे राहिलो. ते उभे राहणे कमी करायचे आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक बल्ब आणि एक बाटली करून आणायची. मी माझी जीप आणतो. तिचा टायमिंग मीच बिघडवून ठेवीन, लावायचा तुम्ही.

आणि येताना ठोकळे आणा. ते नसतील तर मी कोणालाही गाडीखाली जाऊ देणार नाही.