ओव्याची पुडी आणि दवाखान्याची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि शेत सांभाळणारी बाई. भाषण करण्याची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

गोष्ट मागल्या वर्षीची, कापसाच्या वेचणीच्या दिवसांतली. माझ्या थोरल्या जाऊबाई पहाटे उठल्या आणि ओसरीवर बसूनच राहिल्या. मी विचारले तर म्हणाल्या, "पाठ लय दुखून राह्यली व, जबडाई ठणकते." थंडीचे दिवस, तरी अंगाला घाम. मी म्हटले, "रात्रीच्या वांग्यानं वात धरला असंल, बाई." ओवा आणि काळे मीठ दिले, पोटावर हिंगाचा लेप लावला, पाठीला कोमट तेल चोळले. एक ओकारी झाली, तेव्हा मला वाटले, पित्त पडले, आता बरे वाटेल. मग मी भाकरी थापायला बसले. वेचणीच्या बाया थांबल्या होत्या ना!

असे चार तास गेले. आमच्या गल्लीतली आशाताई सहज डोकावली. जाऊबाईंचा चेहरा पाहताच तिने 108 ला फोन लावला. गाडी आली, जवळच्या दवाखान्यात हृदयाची पट्टी काढली, तेव्हा कळले, तो वात नव्हता, हृदयविकाराचा झटका होता. तेथे रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन दिले आणि पुढे यवतमाळला नेले. जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, "माई, लवकर आणले असते तर हृदयाचे एवढे नुकसान झाले नसते." जाऊबाई आज समोर बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगते आहे. पूर्वी मणाचे गाठोडे उचलणारी ही बाई आता पाण्याची कळशी उचलताना मध्ये थांबते. ते चार तास माझ्या हातून गेले. ओव्याचा त्यात दोष नाही. ओवा पोटासाठी आहे, मी तो हृदयासाठी दिला.

भगिनींनो, झटका येतो म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी गाठीने बंद होते आणि पुढचा भाग रक्तावाचून मरू लागतो. शेताच्या पाटात माती पडून पाणी अडले, तर पुढचे वाफे सुकतात, तसेच. पाणी लवकर सोडले तर पीक वाचते. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन बारा तासांपर्यंत देतात, पण पहिल्या एक-दोन तासांत दिले तर त्याचा गुण सर्वांत अधिक. कोणताही काढा ती गाठ काढू शकत नाही.

आणखी एक. छातीवर हात दाबून धरणारा माणूस आपण सिनेमात पाहतो. बाईमाणसाचे आणि साखरेच्या आजाराचे दुखणे पुष्कळदा तसे नसते. पाठ, जबडा, खांदा दुखतो, दम लागतो, घाम येतो, मळमळते, गळून जायला होते. बाई म्हणते, काम पुष्कळ झाले, आणि अंगावर काढते.

आता कोणी म्हणेल, मग घरची औषधे फेकून द्यावी काय? मुळीच नाही. माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. तिने मला एक हकिकत वाचून दाखवली. सर्पगंधा ही आपली जुनी मुळी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना मोजून दिली, रोज दाब लिहून ठेवला, आणि 1949 साली तो अनुभव विलायतेतील हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला. मग साऱ्या जगाने ती मुळी घेतली. 1957 साली त्यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. पण त्याच मुळीने काही रोग्यांना मनाची फार उदासी येते हेही पुढे कळले, अधिक बरी औषधे निघाली, आणि आता ती क्वचितच देतात. मी त्यातून इतकेच शिकले की मुळी आपली असो की गोळी विलायती, मोजून पाहिल्याशिवाय तिच्यावर जीव टाकू नये.

दवाखान्यातून आल्यावर दोन महिन्यांनी आमच्याकडे एका पाहुण्यांनी अर्जुनसादड्याची साल आणली आणि म्हणाले, "गोळ्या सोडा, हा काढा घ्या." जाऊबाईंना बरे वाटत होते, म्हणून आम्ही आठ दिवस गोळ्या सोडल्या. पुन्हा दम लागू लागला, रक्तदाब वाढला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "अर्जुनाची साल आपल्या वैद्यकात जुनी आहे, पण या गोळ्यांची जागा ती घेईल असे सिद्ध झालेले नाही. काही घेत असाल तर लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर लसणाचा मोठा डोस घेतला तरी रक्तस्राव वाढू शकतो." भाजीतल्या फोडणीच्या लसणाला मात्र त्यांची हरकत नव्हती.

मग घराचे काम कोणते? भगिनींनो, ते दवाखान्याच्या कामाहून लहान नाही. माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ पुरते, म्हणजे सगळे मिळून एक लहान चमचा. आपल्या लोणच्यात, पापडात आणि ठेच्यातच ते संपते. आम्ही ताटात मीठ वाढणे बंद केले, तेल मोजून काढतो, जवसाची चटणी आहेच. जाऊबाई डॉक्टरांनी सांगितले तेवढे रोज चालतात. आणि खर्रा! आपल्या वऱ्हाडात पुरुष खातात आणि बायाही गुपचूप खातात. त्यातली तंबाखू हृदयाच्या नळ्यांची वैरीण आहे. आमच्या भासऱ्यांनी बायकोचा जीव जाता जाता राहिलेला पाहिला आणि खर्रा सोडला. दोनदा पुन्हा धरला, तिसऱ्यांदा सुटला.

माझी मंडळाला एक विनंती आहे. दर महिन्याच्या सभेला आशाताईंना किंवा नर्सबाईंना बोलावून प्रत्येकीचा रक्तदाब मोजून वहीत लिहावा. 140 आणि 90 किंवा त्याच्या वर कोणाचा वारंवार दिसला, तर तिला एकटीला न पाठवता दोघींनी तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. एकटी बाई काम आठवून अर्ध्या वाटेवरून परत येते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि दुखण्याची जी लक्षणे मी सांगितली ती दिसली, तर आधी 108 ला फोन करा. बाईला बसवून ठेवा, चालवू नका. भाकरी मागून थापता येते.

ओव्याची पुडी माझ्या घरी अजून आहे, पोटदुखीला मी ती आजही देते. पण तिच्या डब्याच्या झाकणावर मुलीने मोठ्या अक्षरांत 108 लिहून ठेवले आहे. पुडी काढताना आकडा आधी दिसतो.